एक साधा बुधवार

दिवाळीचा कंदील उतरला की आमच्या घरात दोन गोष्टी बाहेर निघतात. माळ्यावरून स्वेटर आणि माझ्या टेबलाच्या खालच्या खणातून क्लिपबोर्ड. डोंबिवलीत स्वेटर फार तर पंधरा दिवस लागतो आणि क्लिपबोर्ड आता लागतच नाही, गाड्या कॅमेरा मोजतो. तरी मी दोन्ही गॅलरीत उन्हाला ठेवते. आई दरवर्षी विचारते, "अगं, फळीला कसली कसर लागणार आहे?" मी म्हणते, असू दे गं. त्या फळीच्या एका कोपऱ्यावर चहाचा गोल डाग आहे, आणि तो कुणाच्या चहाचा आहे ते मला अजून आठवतं.

आंब्याचा हंगाम असतो, लग्नाचा असतो, तसा आमचा मोजणीचा असतो. आमचा म्हणजे वाहतूक नियोजनवाल्यांचा. पावसाळ्यात मोजून उपयोग नसतो, कारण अर्धे लोक घरी आणि अर्धा रस्ता पाण्यात. मे महिन्यात सगळे कोकणात. मग उरतो तो दिवाळीची सुट्टी संपल्यापासून परीक्षांपर्यंतचा काळ. सकाळी जरा धुकं, जरा धूर, मानपाड्याकडून येणारा कंपन्यांचा तो आंबूस वास, कोपऱ्यावर उकडलेल्या शेंगांची गाडी, आणि नाक्यानाक्यावर प्लास्टिकच्या खुर्चीत बसून कागदावर रेघा ओढणारी पोरं. ती आमची.

या हंगामातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे दिवस ठरवणं. रस्त्यावर रोज असतं तेवढंच असेल असा एक साधा दिवस आम्हाला हवा असतो. ऐकायला सोपं वाटतं ना? सोमवार नको, त्या दिवशी सगळे घाईत. शनिवार-रविवार नकोच. मार्गशीर्षातला गुरुवार नको, हारफुलांची गर्दी. संकष्टी नको. लग्नाची तिथी नको. शाळेचं गॅदरिंग नको, जत्रा नको, कुणा दादांचा वाढदिवस तर मुळीच नको, कारण त्या दिवशी अर्धा रस्ता मंडपात असतो. भटजी मुहूर्त शोधतात आणि आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर उभं राहून कसलाच मुहूर्त नसलेला दिवस शोधतो. कल्याण-डोंबिवलीत असा दिवस सापडला तर पेढे वाटावेत.

या पेशाला समाजात काय मान आहे ते विचारू नका. हळदीकुंकवाला कुणी विचारलं, "तू काय करतेस गं?" आणि मी सांगितलं, "रस्त्यांच्या वाहतुकीचं नियोजन," की पहिला प्रश्न ठरलेला, "म्हणजे ते खड्डे तुमचे?" खड्डे आमचे नाहीत, काकू. माझा मामा तर पत्रीपुलावर अडकला की तिथूनच मला फोन लावतो. "वृषाली, पाऊण तास झाला. आता बोल." जणू मी तो पूल हातात धरून बसलेय. डॉक्टरला कुणी औषध सांगत नाही, पण सिग्नल कसा असावा हे प्रत्येक रिक्षावाल्याला ठाऊक असतं. आणि खरं सांगू, दहातल्या तीन वेळा त्याचंच बरोबर असतं. मला हे काम आवडतं त्याचं हेही एक कारण आहे.

पण मी आले ती पूल बांधायचे म्हणून. तेवीस वर्षांची होते. नुकती पदवी हातात, ठाण्यात नौपाड्याच्या एका गल्लीत दुसऱ्या मजल्यावर आमचं छोटंसं ऑफिस. मला वाटलेलं, पहिल्या दिवशी मोठा नकाशा पसरून देतील. दिला तो हा क्लिपबोर्ड. देणारे कर्णिक सर. सरकारी खात्यात उभा जन्म रस्त्यांवर काढून निवृत्त झालेले, सदऱ्याच्या खिशात कायम दोन पेन्सिली, बोलणं पुस्तकातल्यासारखं शुद्ध. ते म्हणाले, "आधी मोजायला शिका. ज्याला मोजता येत नाही, त्याला आखता येत नाही." घरी आईला सांगितलं तर ती म्हणाली, "चार वर्षं इंजिनीअरिंग करून रस्त्याच्या कडेला बसायचं? तिथे तर लिंबू-मिरचीवालापण बसतो."

बसले. माझ्याबरोबर सुप्रिया, आंबिवलीची, माझ्याच वयाची आणि तोंडाने फटकळ. आमची पहिली मोजणी शहाडच्या पुलाजवळ. चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी, झाली एक जुडी. दुचाकीचा रकाना वेगळा, रिक्षाचा वेगळा, टेम्पो, बस, ट्रक, सायकल, हातगाडी, सगळ्यांचे वेगळे. पहिल्या तासात मला रडू आलेलं, कारण एका रिक्षाची रेघ ओढेपर्यंत सात दुचाकी निघून जायच्या. तिसऱ्या दिवशी मात्र डोळे कागदावर असताना कानांनी कळायला लागलं, हा टेम्पो, ही बस, ही सायलेन्सर काढलेली कुणा हिरोची बाइक. आठवड्याने तर असं झालं की आई पोळ्या टाकतेय आणि मी मनात रेघा मारतेय, पाचवी आडवी. उल्हास नदीवरून येणारा गार वारा, कागद उडू नये म्हणून वर ठेवलेला दगड, सुप्रियाच्या डब्यातली लसणीची चटणी. त्या दिवसांत मी फार आनंदात होते, आणि ते मला तेव्हाच कळत होतं.

आमच्या हिशेबात एक गंमत आहे. सगळी वाहनं शेवटी मोटारींत बदलतात. दुचाकी म्हणजे अर्धी मोटार. बस म्हणजे तीन. बैलगाडी तर बसच्याही वर, कारण ती हळू चालते आणि सगळ्यांना अडवते. मी सरांना विचारलेलं, "आणि चालणारा माणूस?" ते म्हणाले, "त्याचा तक्ता वेगळा. कुणी मागितला तरच भरायचा." कुणी सहसा मागत नसे.

एकदा मागितला. मानपाड्याच्या पुढे शीळ रस्त्याला लागून एक गाव आहे. गावाचं नाव सांगत नाही, त्यांची परवानगी घ्यायची राहिलीय. रस्ता रुंद होणार होता आणि मधल्या दुभाजकातले बरेचसे कट बंद होणार होते. कट म्हणजे दुभाजकातली मोकळी जागा, जिथून गाड्या वळतात आणि माणसं पलीकडे जातात. गावासमोर एक कट होता. तो ठेवायचा की बुजवायचा, हे तिथून किती माणसं रस्ता ओलांडतात त्यावर ठरणार होतं. बुजवला, तर गावाने बरंच पुढे जाऊन वळसा घालायचा. नाहीतर जिन्यांचा पादचारी पूल, तोही कधी होईल तेव्हा.

आदल्या दिवशी मी जागा बघायला गेलेले. खुर्च्या कुठे ठेवायच्या, ऊन कुठून येतं, एवढंच बघायचं होतं. टपरीपाशी एक बाई उभी होती. पन्नाशीची, काटक, काष्ट्याचं लुगडं, नाकात मोरणी. हिराकाकी. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "काय गो बाय, जागा इकत घेतंस?"

मी हसले आणि नको ते केलं. सगळं सांगून टाकलं. उद्या बुधवारी सकाळी आठपासून इथे माणसं मोजणार, जास्त दिसली तर कट राहील, कमी दिसली तर जाईल. माझं वय तेवीस, ज्ञान ताजं, ऐकणारी समोर. मोजणाऱ्याने मोजणीचा दिवस आणि कारण सांगायचं नसतं, हा आमच्या धंद्यातला पहिला नियम. सरांनी तो मला दोनदा सांगितला होता.

हिराकाकीने दुभाजकाकडे बघितलं. मग म्हणाली, "कट बंद झाला तं आमी डोक्यावर पाटी घेऊन डिवायडर कसा चढाचा? बाजाराची गारी तं पलीकरशी मिलते." ती हे तक्रारीने म्हणाली नाही. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. येताना बसमध्ये मी देवाला म्हटलं, उद्या माणसं भरपूर येऊ देत.

देवाने इतकं ऐकायला नको होतं. बुधवारी आठ वाजता आम्ही बसलो आणि पहिल्या पंधरा मिनिटांत माझी पेन्सिल झिजली. बायकांचे घोळके, म्हातारे, लेकुरवाळ्या, सायकल हातात धरलेले बाप्ये. अलीकडून पलीकडे, पलीकडून अलीकडे. सुप्रिया म्हणाली, "क्या पब्लिक है यार, इथे तर स्टेशन काढायला पाहिजे." मला आनंद आवरेना. जुड्यांवर जुड्या. कागद पुरेना, तर मागच्या बाजूला लिहायला लागले. साडेनऊला हिराकाकी स्वतः चहा घेऊन आली. स्टीलचा पेला क्लिपबोर्डावरच टेकवला, तोच तो डाग. "कवरी झाली?" तिने विचारलं. कवरी म्हणजे किती. मी म्हटलं, "भरपूर झाली, काकी." ती खूश होऊन निघून गेली, रस्ता ओलांडून.

दहाच्या सुमाराला मला बोकड दिसला. काळा, कपाळावर पांढरा ठिपका, दोरी एका लुंगीवाल्या काकांच्या हातात. छान बोकड, म्हणून लक्षात राहिला. वीस मिनिटांनी तो परत आला. मग पुन्हा गेला. मी सुप्रियाला म्हटलं, "हा बोकड मघाशी गेलेला ना?" ती म्हणाली, "बोकडाचा रकाना नाहीये, तू माणसं बघ." म्हणून मी माणसं बघितली. जांभळा स्वेटर, तोही मघाशी गेलेला. पिवळी छत्री, तिसऱ्यांदा. एक आजीबाई तर दम लागून दुभाजकावर बसलेल्या आणि दोघी त्यांना धरून म्हणत होत्या, "अजून येक खेप, आये, मंग जेवाला जाव." बोकडाने नवव्या खेपेला मधोमध बसकण मारली आणि काही केल्या उठेना. दोन्हीकडच्या गाड्या थांबल्या. ट्रकवाला हॉर्न वाजवतोय, काका शेपूट ओढतायत, आणि सुप्रिया हसून हसून खुर्चीतून खाली.

मीही हसले. आजही आठवलं की एकटीच हसते, ऑफिसात लोक बघतात. पण तेव्हा हसता हसता माझी पेन्सिल थांबली. हे सगळं मी केलेलं. माझ्या हातातले कागद खोटे होते आणि ते खोटं मला हवंसं वाटत होतं.

सुप्रिया म्हणाली, "जाने दे ना. कुणाचं वाईट होतंय का? त्यांचा कट राहील, तुझं मन शांत." अख्खी दुपार मी हेच स्वतःला सांगत बसले. उन्हं कलली, शेंगांची गाडी आली, गाव आपलं जात-येत राहिलं. रात्री आठला मी शेवटची रेघ ओढली. घरी आईने विचारलं, "जेवत का नाहीस?" मी म्हटलं, बोकड. ती म्हणाली, "बुधवारी?"

दुसऱ्या दिवशी ठाण्याला सरांसमोर कागद ठेवले. मी ठरवून गेलेले, काही बोलायचं नाही. सरांनी खिशातली पेन्सिल काढली आणि तासातासाची बेरीज करत खाली आले. एका ओळीवर पेन्सिल थांबली. "वृषाली, या गावाला जेवणाची सुट्टी असते का?"

"म्हणजे, सर?"

"बारा ते एक, माणसांचा पूर. एक ते दोन, एकही नाही. दोन ते तीन, तुरळक. तीननंतर पुन्हा पूर. मी पुष्कळ रस्ते मोजले आहेत. रस्ता असा एकदम जेवायला बसत नाही."

मग काय, बांध फुटला. टपरी, हिराकाकी, चहा, बोकड, सगळं सांगितलं. सर बोकडालाही हसले नाहीत. म्हणाले, "हा दिवस रद्द. आकडा खोटा असला की त्याच्यावरचा रस्ताही खोटा होतो, आणि त्यावरून माणसं मात्र खरी जातात." मी भांडले. हो, पहिल्या वर्षाची पोर, कर्णिक सरांशी भांडले. म्हटलं, "तुम्हाला कागद खरा हवाय, सर. त्यांना पलीकडे जायचंय. खरे आकडे कमी आले आणि कट बुजला, तर ती बाई पाटी घेऊन कुठून जाणार?"

सरांनी चष्मा काढला. शांतपणे विचारलं, "पाट्या किती मोजल्यास?"

मी कागद चाळले. सुप्रियाला असं काही दिसलं की ती शेऱ्याच्या रकान्यात लिहायची, हातगाडी, सायकल, बोकड हेसुद्धा लिहिलेलं. पाटी एकही नव्हती. अख्ख्या दिवसात डोक्यावर भाजीची पाटी घेतलेली एकही बाई आमच्यासमोरून गेली नव्हती. आणि कटाचं ऐकल्यावर काकीने तर पहिलं वाक्य पाटीचंच बोललेलं.

"जिला बाजाराला जायचं असतं, ती दिवसभर मोकळी कशी होती, याचा शोध घे," सर म्हणाले. "चहा पिऊन जा."

त्याच दिवशी दुपारी मी गावात गेले. हिराकाकी ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसलेली. मी उभ्याउभ्याच सांगितलं की कालचा दिवस रद्द झाला, खोटं चालत नाही, चूक माझी. ती रागावेल असं वाटलेलं. तिने शेंगा सोलायचं थांबवलं फक्त. "म्हंजे आमचा बाजाराचा दिवस फुकट गेला म्हन," ती म्हणाली. तेव्हा कळलं. त्या सगळ्या जणी रोज भाजी घेऊन डोंबिवलीच्या बाजाराला जायच्या. काल कुणीच गेलं नव्हतं. रस्त्यावर दिसावं म्हणून अख्ख्या गावाने आपला साधा दिवस मोडलेला. मेथी, मुळा, पातीचा कांदा, सगळं मळ्यात तसंच.

मी विचारलं, "रोज कधी निघता, काकी?"

"कोंबरा आरवला का. आठाला तं आमी परत पन येतव कंदी कंदी."

आमचा तक्ता सकाळी आठला सुरू होत होता. आठ ते आठ, छापीलच होतं तसं. तो ज्याने कुणी छापला, तो बहुतेक आठला उठणारा असावा. मी ओटीवरच बसले. तिने न विचारता माझ्या हातात शेंगा दिल्या आणि म्हणाली, "बसलीस तं सोल." त्या संध्याकाळी मी घरी येईपर्यंत नखं हिरवी झालेली.

पुढचा बुधवार आम्ही कुणालाच सांगितला नाही. सुप्रिया आदल्या दिवशी आमच्याकडेच राहायला आली, आईने पहाटे उठून थर्मास भरून दिला आणि साडेपाचला मी, सुप्रिया आणि दोन खुर्च्या एका खांबाच्या आड. तक्त्याच्या वर मी हाताने अडीच तास वाढवलेले आणि कडेला एक नवा रकाना आखलेला, पाटीसह. थंडी अशी की पेन्सिल धरवत नव्हती. रस्ता निळा निळा, दिवे धुक्यात पसरलेले, आणि बराच वेळ कुणीच नाही. सुप्रिया कुजबुजली, "वाट लागली." मी पेन्सिलीला टोक काढलं.

मग आधी वास आला. ओल्या मेथीचा, मातीचा. त्यामागून त्या आल्या. एका रांगेत, डोक्यावर पाट्या, मान ताठ, हात सुटे. कुणी बोलत नव्हतं. पहिल्या बाईने कटाशी थांबून एक हात वर केला आणि तिकडून येणारा भलामोठा टँकर थांबला. रोजचंच असावं, ड्रायव्हरने हॉर्नही दिला नाही. सगळी रांग पलीकडे गेली. मग दुसरी रांग. साडेसहापासून कंपन्यांच्या पहिल्या पाळीची माणसं, डबे, सायकली. पावणेसातला शाळेची पोरं, शाळाही पलीकडच्याच बाजूला, एकमेकांचं दप्तर धरून. माझ्या जुड्या सरळ येईनात, बोटं बधिर झालेली आणि डोळ्यांतून पाणी, ते काही सगळंच थंडीचं नव्हतं. दिवस उजाडला, आठ वाजले, आणि कट ओस पडला. जुन्या तक्त्याने मोजायला सुरुवात केली असती तेव्हा या गावाचं सकाळचं सगळं ओलांडून झालेलं होतं.

हिराकाकी पहिल्याच रांगेत होती. आमच्याकडे तिने बघितलं नाही. मला जरा हायसं वाटलं.

सरांनी ते कागद उलटसुलट तपासले. मग अहवालात एक पान जोडलं आणि बैठकीला मला घेऊन गेले. तिथे कुणीतरी म्हणालं की पहाटेची माणसं धरायची पद्धत नाही. सर म्हणाले, "पद्धत आठला उठते. माणसं पाचला उठतात." एवढंच. भर बैठकीत असं टाळीचं वाक्य ते आयुष्यात एकदाच बोलले असतील आणि मी तिथे होते. कट राहिला. उंच केलेले पांढरे पट्टे आले, पुढे सिग्नलही आला. मी पूल बांधायचा नाद सोडला तो त्याच हिवाळ्यात.

आता त्या गोष्टीला चौदा हिवाळे झाले. ठाण्याच्या ऑफिसात आता मी सरांच्या जागी बसते. माझ्या हाताखालची मुलं हुशार आहेत, स्क्रीनवर चौकटी धावतात, हिरवी रिक्षा, निळी बस, आणि आकडे आपोआप पडतात. कॅमेऱ्याला थंडी वाजत नाही, त्याचे हातही बधिर होत नाहीत. मी जुन्या माणसांसारखं नाक मुरडत नाही हं, त्याला ट्रकवाल्यांच्या शिव्या खाव्या लागत नाहीत हे उत्तमच आहे. फक्त तो कधी चालू करायचा ते आम्हीच ठरवतो. माझ्या सगळ्या मोजण्या साडेपाचला सुरू होतात. मुलं कुरकुरतात, मी ऐकत नाही.

यंदा तोच रस्ता पुन्हा मोजायला आलाय. मेट्रोचे खांब उभे राहतायत, जिने कुठे उतरवायचे ते ठरायचंय. मागच्या बुधवारी, अगदी साधा बुधवार, मी मुद्दाम स्वतः गेले. साडेपाचला. कॅमेरा खांबावर, मी खाली, पंधरा दिवसांतला स्वेटर अंगात.

रांग आता लहान झालीय. मळे कमी, इमारती जास्त. पाट्या घेतलेल्या सात-आठ जणी, बाकी कंपनीचे गणवेश आणि कानात वायरी घातलेली पोरं. रांगेच्या शेवटी, पाटी नसलेली, पांढऱ्या केसांची एक बाई काठी टेकत चाललेली. मी हाक मारायच्या आधीच ती थांबली.

"कवरी झाली?" हिराकाकी म्हणाली.

मी हातच धरला तिचा. आता ती बाजाराला जात नाही, सून जाते, पण पहाटे झोप लागत नाही म्हणून कटापर्यंत येते. मी म्हटलं, "यंदा कुणाला न सांगता आलेय, काकी. त्या दुसऱ्या वेळेसारखी."

"कोन्च्या?"

"तो दुसरा बुधवार. तुम्ही पहिल्या रांगेत होतात. मी त्या खांबामागे बसलेले."

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी पुन्हा तेवीसची झाले. "दोन खुर्च्या न लाल मफलर. खांबाआर लपलीस तं काय दिसत नाय काय? मी आदीच बगितलेली. मागच्यांना बोल्ली, वर बगू नका. रोजच्यासारक्या चाला. येकयेकदाच जावाचा. न त्या बोकराला घरी बांदा."

इतकी वर्षं मी पोरांना शिकवतेय की मोजणी कशी गुपचूप करावी, लोकांना कळलं की दिवस बिघडतो. आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात खरा बुधवार एका गावाने जाणूनबुजून, मान ताठ ठेवून, मला चालून दाखवलेला. मला हसू येत होतं.

"मग मला सांगितलं का नाही, काकी?"

"तू तरी कवा आमाला सांगितलास?"

मला पलीकडून रिक्षा धरायची होती. ती म्हणाली, चल. पट्ट्यांवरून आम्ही दोघी निघालो. आमचा सिग्नल हिरवा होता तरी तिने सवयीने हात वर केला, आणि एक टँकर सवयीने थांबला. पलीकडे पोचलो तशी ती लगेच मागे वळली. मी म्हटलं, "अहो, आता कुठे?"

"घरी. तुला सोराला आलेली मी."

ती परत गेली, सावकाश, काठी टेकत. वरच्या कॅमेऱ्यात तिच्या नावावर दोन खेपा पडल्या असणार. आज दुपारी मी त्या दिवसाचा आकडा तपासला, सही केली, आणि त्यातली एकही खेप कमी केली नाही.